बाजेचा चौथा पाय

रविवार, रात्रीचे पावणेबारा

साडेनऊला गेलेली लाइन आत्ता आली. तोवर अंगणात बाजेवर पडून होतो, शेजारच्या बाजेवर आजी. हातपंखा तिच्या हातात, वारा दोघांना. उत्तरेला सप्तर्षी स्वच्छ दिसत होते. आजी त्यांना सप्तर्षी म्हणत नाही. चार ताऱ्यांची ती म्हातारीची बाज आणि मागचे तीन म्हणजे ती बाज पळवायला टपलेले चोर.

गेल्या आठवड्यात मी त्या बाजेच्या एका पायापाशी जाऊन आलो. हे लिहून ठेवायचं राहूनच गेलं होतं.

‘एलिट डेंजरस’ हा 2014 सालचा गेम. त्यात आपली अख्खी आकाशगंगा खऱ्या मापाने उभी केली आहे, सुमारे 40 हजार कोटी सूर्यमाला. जे तारे माणसाला ठाऊक आहेत ते आपापल्या जागी, बाकीचे गणिताने रचलेले. माझ्याकडे भावाचा जुना लॅपटॉप, मोबाइलचा हॉटस्पॉट आणि मोबाइलला रेंज फक्त माडीच्या जिन्यात. म्हणून जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसून आकाशगंगा फिरायची. येणारा-जाणारा मांडीवरून ओलांडून जातो.

सुरुवातीला मला एकच हौस होती, आपलं नाव लागावं. जिथे कुणीच गेलं नाही अशा सूर्यमालेत शिरायचं, स्कॅनरचा भोंगा वाजवायचा, ग्रह मोजायचे आणि मुक्कामी येऊन ती माहिती विकायची. मग त्या ग्रहावर कायमचं लिहून येतं, पहिला शोध अमक्याचा. तीन आठवडे रोज रात्री बसून चाळीसेक सूर्यमाला गोळा केल्या. त्यांची नावं एसटीच्या नंबरासारखी, अक्षरं, डॅश, आकडे. एक मात्र लक्षात राहिली. विझत आलेल्या निखाऱ्यासारखा तांबडा तारा, त्याच्याजवळ कड्यांचा मोठा वायुग्रह आणि कड्यांच्या अगदी काठाशी एक फुटकळ चंद्र. त्या चंद्रावर उतरलो तर कडी डोक्यावरून थेट क्षितिजापर्यंत गेलेली, नवी पत्र्याची पन्हाळ टाकावी तशी. अर्धा तास तिथेच बसून होतो. आई दोनदा जेवायला बोलावून गेली.

परतीच्या वाटेवर एका ग्रहावर मोठं विवर दिसलं. लोणार आमच्यापासून मोटरसायकलीने अर्ध्या तासावर. उल्का आदळून बेसॉल्टमध्ये झालेला तो पावणेदोन-दोन किलोमीटरचा खड्डा शाळेच्या सहलीपासून पाहत आलोय, त्यामुळे विवर दिसलं की पाय वळतातच. हे तर असं, की त्याच्यापुढे लोणार म्हणजे बैलांना पाणी पाजायचा हौद. गुरुत्व किती आहे तो आकडा कोपऱ्यात दिसत होता, पृथ्वीच्या तिपटीहून जास्त. मी वाचलाच नाही. जहाज जरा खाली घेतलं, तर ते दगडासारखं निघालं. वर ओढायचं बटण दाबून धरलं तरी वेग कमी होईना. आपटलं.

जहाजाच्या किमतीचे पाच टक्के भरले की जहाज परत मिळतं. न विकलेली माहिती मिळत नाही. चाळीस सूर्यमाला गेल्या, तो चंद्रही गेला. पायरीवर तसाच बसून राहिलो. चूक सगळी माझीच, त्यामुळे शिव्या द्यायलाही कुणी नव्हतं.

त्यानंतर लांब जायचा कंटाळा आला. जवळपासचंच पाहू म्हटलं, तर आपल्याच सूर्याकडे जायला परवाना लागतो! तिथल्या फेडरेशनची कामं करून हुद्दा चढवला तेव्हा कुठे आत घेतलं. सातबारा काढण्यापेक्षा बरं, एवढंच. आत गेल्यावर पृथ्वी सोडून आधी व्हॉयेजर-1 गाठलं. गेमचा काळ आपल्यापुढे 1286 वर्षं. म्हणजे 1977 साली सुटलेलं ते यान सेकंदाला 17 किलोमीटर वेगाने तेराशेहून जास्त वर्षं चाललंय आणि तरी एका प्रकाशवर्षाचा दहावा हिस्साही पार झालेला नाही. त्यावर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे, 55 भाषांतले नमस्कार भरलेली. त्यात एक मराठीतला आहे. त्या काळोखात तो चिमुकला सांगाडा पाहताना मला तो एकच नमस्कार आठवत होता.

तिथून तीन उड्यांत बाजेचा पाय. आपण ज्याला क्रतू म्हणतो तो तारा, 123 प्रकाशवर्षांवर. नारिंगी, थोराड. त्याच्या उजेडात इंधन भरून घेतलं आणि जहाज वळवून सूर्य शोधला. दिसेना. खुणेचा चौकोन दिसत होता, आत नुसता काळोख. नंतर हिशेब केला, तेवढ्या अंतरावरून आपला सूर्य नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. बाजही दिसेना. तिच्या दोरीत ओवलेले बाकीचे तारे भलतीकडेच पांगलेले.

आज अंगणात आजीने विचारलं, “काय पायतं रे इतकं?”

म्हटलं, “बाजेचा तो वरचा पाय. तो बाकीच्या पायांजवळ नाही, दीडपट लांब आहे. शेवटचा चोरही मागेच, 104 वर. बाकी पाच तेवढे सोबतचे, ऐंशीच्या आसपास.”

“ऐंशी काय?”

“त्यांचा उजेड इथे पोचायला ऐंशी वर्षं लागतात.”

“माह्याएवढाच मंग.” तिचा जन्म कुणी लिहून ठेवला नाही. गांधीबाबा गेले तवा मी रांगत होतो, एवढंच ती सांगते.

पंखा थोडा वेळ थांबला. “तो चोर मांगं रायनच. दोघं सापडले असतीन, तो पयाला असन.”

मी हसलो. ती हसली नाही, आभाळाकडेच बघत होती.

“पन एक पाय इतका मांगं,” ती म्हणाली, “त मंग बाज कलंडत कशी नाही?”

तेवढ्यात लाइन आली.