साडेचार मिलिमीटर

जमैकात आम्ही आठ दिवस होतो. त्यातले पाच एका रिसॉर्टमध्ये गेले. त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की मनगटावर प्लास्टिकचा जांभळा पट्टा होता, तो आंघोळीतही काढायचा नाही, आणि किनाऱ्याच्या दोन्ही टोकांना भिंत होती. भिंतीच्या अलीकडे आम्ही आणि पलीकडे जमैका. खाणंपिणं सगळं ‘फुकट’, म्हणजे पैसे आधीच काढून घेतलेले. तिसऱ्या संध्याकाळी मला बुफेकडे बघवेना. मी कुरकुर केली की नवरा म्हणायचा, “अगं, पैसे भरलेत.” पुढे वादच खुंटायचा.

सहाव्या दिवशी भाचीकडे गेलो. खरं तर ती तिथे होती म्हणूनच जमैका ठरलं होतं. ती फ्लोरिडात पीएचडी करते आणि महिन्याभरासाठी डिस्कव्हरी बे नावाच्या गावात कामाला आली होती. काम काय, तर स्पंज. आमच्या घरात स्पंज म्हणजे भांडी घासायचा, त्यामुळे गेली तीन वर्षं सगळे तिला “किती घासून झालं?” असं विचारतात. मीसुद्धा विचारलंय. लग्नाकार्यात तर हमखास.

माँटेगो बेहून शेअर टॅक्सीने सव्वा तास. लाल नंबरप्लेटची गाडी, मागच्या सीटवर चौघं, माझ्या मांडीवर कुणाची तरी फणसाएवढी पिशवी. पाच दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. तिथे गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात आणि ड्रायव्हर वळणावर कशेडी घाटातल्यासारखा हॉर्न देतो. गाव जवळ आलं तशी माती लाल झाली. बॉक्साइट. डिस्कव्हरी बेच्या धक्क्यावर ते जहाजात भरतात. जांभा आणि बॉक्साइट एका कुळातले, त्यामुळे उतरल्या उतरल्या रत्नागिरीत आल्यासारखं वाटलं. माझे पांढरे बूट तेव्हा लाल झाले ते अजून तसेच आहेत.

भाचीच्या घरमालकीणबाईंनी कॅलालू नावाची पालेभाजी वाढली. एक घास खाल्ला आणि नवऱ्याकडे बघितलं. माठ! चक्क आपला माठ, फक्त लसूण आणि तिखट मिरची सढळ हाताने. रिसॉर्टच्या पाच दिवसांत ही भाजी कुणी पुढे आणली नव्हती.

दुपारी ती आम्हाला तिच्या कामाच्या जागी घेऊन गेली. वेस्ट इंडीज विद्यापीठाची सागरी प्रयोगशाळा आहे तिथे, थॉमस गोरो या शास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात सुरू केलेली. बैठ्या इमारती, वाळत घातलेले पाणबुड्यांचे काळे सूट आणि सगळीकडे ओलसर खारट वास. नवरा समुद्राचे फोटो काढायला गेला. मी पंख्याखाली बसले. मला खरंच काही बघायचं नव्हतं, फक्त सावली हवी होती.

भाचीने ड्रॉवर उघडून पेपरात गुंडाळलेला एक तुकडा काढला. शहाबादी फरशीचा कोपरा तुटून पडावा तसा, पण पांढरट. “हा स्पंज.” मी दाबून बघितला. दगड! टक टक आवाज येतो. नखाने ओरखडासुद्धा उठेना.

तेव्हा कुठे कळलं, की ही तीन वर्षं आमची थट्टाच चुकीच्या स्पंजावर चालली होती. आंघोळीला वापरतात त्या स्पंजाचा सांगाडा मऊ तंतूंचा असतो. हिचा स्पंज कॅल्शियम कार्बोनेटचा, शिंपल्यासारखा कडक सांगाडा बांधतो. नाव सेराटोपोरेला निकल्सनी. १९११मध्ये त्याचं पहिलं वर्णन झालं तेव्हा तो प्रवाळांच्या भाऊबंदांत टाकला होता. तो मुळात स्पंज आहे हे साठच्या दशकात गोरो आणि विलर्ड हार्टमन यांनी याच जमैकाच्या पाण्यात दाखवून दिलं. हे प्राणी गुहांच्या छतांना, कपारींखाली, खोल उतारावर अंधारात राहतात. जिवंत असतो तो वरचा पातळ पापुद्रा. खालचं सगळं त्याने आयुष्यभर रचलेलं आणि मागे सोडलेलं.

“वर्षाला किती वाढतो सांग.” मी म्हटलं, एक इंच? “साधारण शून्य पूर्णांक दोन मिलिमीटर. म्हणजे एक सेंटिमीटरला पन्नास वर्षं.” मी तुकडा पुन्हा हातात घेतला. पंधरा सेंटिमीटर असेल. या वेळी दोन्ही हातांनी धरला.

झाडाच्या खोडासारखी त्यात मोजता येतील अशी वर्तुळं नसतात. आतल्या युरेनियमचं किती थोरियम झालं, त्यावरून वय काढावं लागतं. तुकडा हिऱ्याच्या पात्याच्या करवतीने कापायचा, मग बारीक ड्रिलने ओळीने भोकं पाडत जायचं. प्रत्येक भोकातून चिमूटभरही नाही इतकी भुकटी निघते, तिला ती ‘रांगोळी’ म्हणते. त्या रांगोळीत त्या त्या काळचा समुद्र असतो. सांगाडा बांधायला लागतं ते सगळं स्पंज आजूबाजूच्या पाण्यातून घेतो आणि पाण्यात जे नको ते असेल तेही सोबत आत जातं. प्रवाळातही असं होतं. पण उथळ पाण्यातल्या प्रवाळाच्या पोटात शेवाळं राहतं, त्याला ऊन लागतं, आणि त्या शेवाळ्याची लुडबुड नोंदीत उमटते. स्पंज अंधारात एकटा असतो. शिवाय सावकाश.

कोळसा-तेल जाळून हवेत गेलेला कार्बन समुद्रात कसा मुरत गेला, ते जमैकाच्या अशाच एका स्पंजावरून १९८६ साली मांडलं गेलं. पोर्तो रिकोच्या स्पंजांवरून तीनशे वर्षांच्या तापमानाचा अभ्यास २०२४मध्ये आला. त्यावर बरीच भांडणं झाली, एका जागेवरून अख्ख्या पृथ्वीचं तापमान कसं सांगता म्हणून. हे सगळं ती भराभर सांगत होती आणि मी हो हो करत होते. खरं सांगते, अर्धं लक्ष नारळपाण्याकडे होतं.

मग तिने लॅपटॉपवर एक आलेख उघडला. बहामाच्या स्पंजातलं शिसं. २०००मध्ये प्रसिद्ध झालेलं काम. रेघ बराच काळ खाली सरपटते, कारखानदारीच्या काळात वर यायला लागते, विसाव्या शतकात पेट्रोलमध्ये शिसं आल्यावर उभी चढते, सत्तरच्या दशकात माथा गाठते आणि उतरते. इंजिनात ठोके पडू नयेत म्हणून टेट्राइथाइल लेड हे शिशाचं संयुग पेट्रोलमध्ये घालायची युक्ती १९२१मध्ये अमेरिकेत सापडली आणि १९२३पासून ते पेट्रोलमधून विकायला लागले. गाड्यांच्या धुरातून ते हवेत, हवेतून वाऱ्याबरोबर समुद्रात, समुद्रातून गुहेच्या छताला चिकटलेल्या या जिवात. त्याला ना गाडी, ना रस्ता.

“मावशी, तुझं जन्मसाल?” तिला माहीत आहे, तरी विचारलं. १९७१. ड्रॉवरमधला तो तुकडा १९९३ साली समुद्रातून काढलेला होता. तिने वरच्या कडेपासून पट्टी लावली आणि पेन्सिलचं टोक ठेवलं. जेमतेम साडेचार मिलिमीटर. “इथे जन्मलीस. अंदाजे हं. आणि इथे, वर, बावीस वर्षांची झालीस.”

करंगळीच्या नखाच्या अर्ध्यात माझी बालवाडी, दहावी, कॉलेज, पहिली नोकरी. हसायला हवं होतं. मला मात्र अण्णा आठवले, माझे वडील, हिचे आजोबा. आमच्याकडे स्कूटर होती. रविवारी अण्णा टाकीत रबरी नळी घालून तोंडाने पेट्रोल ओढायचे, बाटलीत काढायचे आणि त्याने चेन, कार्बोरेटर, पंख्याची पाती असं दिसेल ते पुसायचे. ओढताना घोटभर तोंडात यायचंच. मोरीत थुंकायचे, चूळ भरायचे, चहा मागायचे. नळी धरायला मी असायचे. मला तो वास इतका आवडायचा, की नळी मी नंतर उगाच हुंगत बसायचे. भाची म्हणाली, वास शिशाचा नसतो गं, पेट्रोलचा. हे तिने धीर द्यायला सांगितलं की नुसतीच चूक सुधारली, कळलं नाही.

आपल्याकडे चार महानगरांत शिसंविरहित पेट्रोल आलं १९९५मध्ये आणि देशभर १ फेब्रुवारी २०००पासून. पंपावर हिरव्या अक्षरांत ‘अनलेडेड’ लिहिलेलं मला स्वच्छ आठवतं. तेव्हा वाटलं होतं, काहीतरी महागाचं असणार, श्रीमंतांच्या गाड्यांसाठी. गाड्यांसाठीचं शिसं घातलेलं पेट्रोल जगात सगळ्यात शेवटी बंद झालं अल्जीरियात, २०२१ साली. म्हणजे आत्ता, परवा.

पुण्याच्या रस्त्यावरचा धूर काही बहामाला पोहोचला नसेल. तो आपल्याच फुफ्फुसांत आणि आपल्याच मातीत राहिला. हे मला कळतं. तरी त्या साडेचार मिलिमीटरवरून नजर हटेना. नवरा फोटो काढून आला, म्हणाला, “काय बघतेस, फरशी?” मी त्याला समजावायला गेले आणि पहिल्या वाक्यात ‘स्पंज’ म्हटल्याबरोबर तो हसला. मला इतका राग आला की तासभर बोलले नाही. तीन वर्षं मी हाच विनोद केलाय हे ठाऊक असूनही.

उरलेले दोन दिवस पावसात गेले.

तुकडा बघितला त्याच रात्री अण्णांना फोन लावला, तिकडे सकाळ होती. चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, ऐकू कमी येतं, सगळं ओरडून सांगावं लागलं. स्पंज, शिसं, नळी, पेट्रोल. घरमालकीणबाई दारातून डोकावून गेल्या, भांडण चाललंय वाटून. अण्णा बराच वेळ गप्प होते. मला वाटलं, लाइन गेली.

मग म्हणाले, “नळीचं सोड. त्या प्राण्याला काही झालं का त्याने?”

हे मी भाचीला विचारलंच नव्हतं. उठून तिच्या दारापर्यंत गेले. दिवा बंद होता.