एका तारांकित प्रश्नासाठी : माझा अनुभव

सासऱ्यांच्या हर्नियाच्या ऑपरेशनला साठ हजारांच्या आसपास खर्च येईल, असं आम्हाला तोंडी सांगितलं होतं. डिस्चार्जच्या दिवशी हातात बिल आलं 1,18,400 रुपयांचं. नर्सिंग चार्जेस, मॉनिटर चार्जेस, कन्झ्युमेबल्स अशा ओळी होत्या आणि पुढे आकडे. काउंटरवरच्या मुलाला विचारलं, हे दर कुठे लिहिलेत? तो म्हणाला, सिस्टीममध्ये आहेत. मिस्टरांनी अंबडच्या कंपनीतल्या मित्राकडून उसने घेतले, मी आरडी मोडली, तेव्हा अण्णांना घरी आणता आलं. 2022 च्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. अण्णा आता ठणठणीत आहेत, डॉक्टरांच्या हाताला यश होतं, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण ते बिल डोक्यातून जाईना.

नाशिकच्या सिडकोत आमच्या गल्लीत बोलायला लागले तसं कळलं, प्रत्येक घरात असं एक बिल जपून ठेवलेलं आहे. पवननगरला मंदिराच्या सभामंडपात आम्ही पहिल्यांदा जमलो तेव्हा अकरा जण होतो. एसटीतून रिटायर झालेले नाना, दोन अंगणवाडी सेविका, एक मेडिकलवाले भाऊ, बाकी माझ्यासारख्या घर सांभाळणाऱ्या. आणि त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या एका पाड्यावरून आलेली आशाताई. तिची बहीण आमच्या शेजारी राहते, म्हणून ती आली होती.

आम्हाला वाटलं, नवा कायदाच मागावा. राजस्थानात मार्च 2023 मध्ये आरोग्याच्या हक्काचा कायदा झाला, मग महाराष्ट्रात का नाही? सार्वजनिक आरोग्य हा राज्याच्या अखत्यारीतला विषय, तेव्हा दिल्लीकडे बोट दाखवायची सोयही नाही. नानांनी सुंदर अक्षरात चार पानी निवेदन लिहिलं. त्यात सगळं होतं. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाप्रमाणे राज्यांनी बजेटचे आठ टक्क्यांहून जास्त पैसे आरोग्यावर खर्च करावेत, ते होत नाहीत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतली हॉस्पिटल्स वाढवा. रिक्त पदं भरा. बिलांवर नियंत्रण आणा.

आमदारांनी ते उभ्या उभ्या घेतलं, फोटो काढला, म्हणाले, “बघतो मी.” पंधरा दिवसांनी फोन केला तर “पुढे पाठवलंय” असं उत्तर आलं. महिन्यानेही तेच.

मग मी एकटीच कार्यालयात गेले. पीए निवांत होते. त्यांनी जे सांगितलं त्यासाठी मी त्यांची आजही ऋणी आहे. म्हणाले, “ताई, तुमच्या चार पानांत साहेबांनी नेमकं काय करायचं ते कुठे आहे? निवेदन आम्ही मंत्र्यांना देतो, ते खात्यात जातं, खात्यातून फिरून परत जिल्ह्यात येतं. त्याला उत्तर द्यायचं कुणावर बंधन नाही. विधानसभेत प्रश्न लागला तर खात्याला उत्तर द्यावंच लागतं. मला एकच प्रश्न द्या, कागदासकट.”

त्या एका प्रश्नाच्या शोधात आमचे चार महिने गेले, आणि खरं शिक्षण त्याच काळात झालं. मेडिकलवाल्या भाऊंच्या ओळखीने एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी ‘महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम 1949’, म्हणजे खासगी हॉस्पिटलांच्या नोंदणीचा कायदा, आणि त्याखालचे 14 जानेवारी 2021 चे सुधारित नियम समोर ठेवले. खाटेचं भाडं, आयसीयू, डॉक्टरांची भेट, भूल, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, ऑक्सिजन अशा पंधरा बाबींचे दर लोकांना दिसतील असे लावायचे. रुग्णहक्कांची सनद लावायची. तक्रारीसाठी स्थानिक यंत्रणेने टोल फ्री नंबर ठेवायचा. हे सगळं आधीच नियमात होतं! जे मागायला आम्ही निघालो होतो त्यातलं निम्मं सरकारने लिहून दिलेलं, आणि आम्हा अकरा जणांपैकी एकालाही ते माहीत नव्हतं. मला त्या दिवशी राग आला आणि उमेदही आली.

मग शहरात फिरलो. भेटीच्या वेळेत हॉस्पिटलमध्ये जायचं आणि भिंती बघायच्या. फलक मोजक्याच ठिकाणी दिसला. एका ठिकाणी होता, पण वॉटर कूलरच्या मागे, वरच्या दोन ओळी तेवढ्या वाचता येत होत्या. दहा खाटांच्या एका छोट्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी मात्र आम्हाला आत बोलावून चहा दिला. म्हणाले, “फलक लावायला माझी हरकत नाही, पण आम्ही लावायचा आणि मोठ्यांना कोणी विचारायचं नाही, असं होऊ नये.” त्यांचं म्हणणं योग्यच होतं.

माहिती अधिकारात अर्ज टाकला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून : नियम आल्यापासून किती हॉस्पिटल्सची तपासणी झाली? तीस दिवस संपता संपता उत्तर आलं, ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही.’ नाना निराश झाले. पीएंनी मात्र तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, “हेच पाहिजे होतं. माहितीच नाही म्हणतायत, म्हणजे प्रश्न पक्का झाला.”

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आशाताईचं दुःख वेगळं होतं. आदिवासी भागात वीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावं असा निकष आहे. तिच्याकडे केंद्र आहे, पण डॉक्टरची जागा रिकामी. पावसाळ्यात साप चावलेल्या माणसाला घेऊन 108 ची वाट बघत ती रात्री रस्त्यावर बसलेली आहे. आम्ही दरफलकाचा प्रश्न धरला तेव्हा ती म्हणाली, “ताई, तुमच्याकडे बिल तरी येतं. आमच्याकडे बिल करायलाच कोणी नाही.” सभामंडपात कोणी काही बोललं नाही. दोन्ही विषय एका प्रश्नात बसत नव्हते. शेवटी ठरलं की तिचा प्रश्न तिच्या भागाच्या आमदारांकडे स्वतंत्र न्यायचा आणि तिथे आम्ही सगळ्यांनी जायचं. तरी त्या दिवशी ती चहा न घेता गेली, हे मी विसरलेले नाही.

प्रश्न लिहायचीही एक ठरलेली पद्धत असते. पीए सांगत गेले आणि नाना लिहीत गेले : (1) नाशिक शहरातील अनेक खासगी रुग्णालयांत दरपत्रक व रुग्णहक्क सनद दर्शनी भागात लावलेली नाही, हे खरे आहे काय, (2) असल्यास, 2021 पासून किती रुग्णालयांची तपासणी करण्यात आली, (3) तदनुसार कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे, (4) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? आमच्या चार पानांचा रस या चार ओळींत आला होता. प्रश्न अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावे लागतात, हेही तेव्हाच कळलं. अधिवेशन सुरू झाल्यावर धावाधाव करून उपयोग नसतो.

आमचा प्रश्न पावसाळी अधिवेशनात तारांकित म्हणून, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न म्हणून, लागला. मी, नाना आणि एक अंगणवाडी ताई सकाळी नाशिकरोडला पंचवटी एक्सप्रेसमध्ये बसलो. आमदारांनी पास काढून ठेवले होते. गॅलरीत बसून आम्ही यादीत आमचा क्रमांक शोधत होतो. प्रश्नोत्तराचा तास संपला तेव्हा आमच्या आधीचे तीन प्रश्न बाकी होते. नाना खाली बघत बसले.

पण पुकारला न गेलेल्या तारांकित प्रश्नाचंही लेखी उत्तर छापून येतं. पीएंनी ते व्हॉट्सअॅपवर पाठवलं, तेव्हा आम्ही परतीच्या गाडीत कसाऱ्याच्या पुढे होतो. रेंज जात होती. पान उघडलं आणि पहिलीच ओळ दिसली : ‘(1) हे अंशतः खरे आहे.’ पुढे लिहिलं होतं की फलक न लावलेल्या रुग्णालयांना नोटिसा देण्याची कार्यवाही सुरू आहे. नानांनी माझा फोन घेऊन ती ओळ डब्यात मोठ्याने वाचली.

त्यानंतर दोन महिन्यांनी अण्णांना तपासणीला त्याच हॉस्पिटलमध्ये नेलं. रिसेप्शनच्या शेजारी नवा फलक होता, निळ्या फ्लेक्सवर पंधरा ओळी. मी वाचत उभी होते. शेजारी डोक्यावर पदर घेतलेल्या एक आजी आल्या, नातवाला अॅडमिट केलं होतं. म्हणाल्या, “काय लिवलंय बाई यात?” फलक सगळा इंग्रजीत होता. मी त्यांना खाटेच्या भाड्यापासून ऑक्सिजनपर्यंत एकेक ओळ मराठीत सांगितली. त्यांनी तीन आकडे बोटांवर मोजून लक्षात ठेवले आणि वर गेल्या.

बाहेर येऊन मी आधी आशाताईला फोन केला. तिच्या आमदारांची वेळ सोमवारी अकराची मिळाली आहे, आम्ही नऊ जण जाणार आहोत. मग नानांना फोन केला आणि म्हटलं, पुढच्या अधिवेशनासाठी लिहून घ्या : दरफलक मराठीत लावलेले नाहीत, हे खरे आहे काय?