लार्गो म्हणजे नेमके किती संथ?

आज संध्याकाळचा सगळा वेळ जर्मन संगीतकार बाखच्या ‘वेल-टेंपर्ड क्लेव्हियर’ या कळफलकाच्या वाद्यांसाठीच्या संग्रहाच्या पहिल्या भागातल्या शेवटच्या, बी मायनर स्वरश्रेणीतल्या फ्यूगवर गेला. फ्यूग म्हणजे एकच सुरावट वेगवेगळ्या आवाजांत एकामागून एक येत जाते अशी रचना. १७२२ सालच्या या संग्रहात बाखने लयीविषयीच्या सूचना अगदी मोजक्या ठिकाणी लिहिल्या आहेत. या फ्यूगवर मात्र त्याने ‘लार्गो’, म्हणजे अगदी संथ, असे लिहिले आहे, आणि तरीही लयीचा प्रश्न सुटत नाही. मिनिटाला ठरावीक ठोके देणाऱ्या मेट्रोनोम या यंत्राचे पेटंट मेल्झेलने घेतले ते १८१५ मध्ये. त्याआधीच्या या शब्दामागे कोणताही आकडा नाही.

फ्यूग प्रत्येकी चार ठोक्यांच्या ७६ मापांचा (आवर्तनासारख्या विभागांचा) आहे. मिनिटाला ३८ ठोके धरले तर आठ मिनिटे लागतात, ६० धरले तर पाच. पियानोवादक चेर्नीने काढलेल्या या संग्रहाच्या १८३७ च्या आवृत्तीत मेट्रोनोमचे आकडे दिलेले आहेत, पण ते पियानोच्या युगातल्या एका वादकाचे मत आहे, बाखची आज्ञा नव्हे. बाखचा समकालीन बासरीवादक क्वान्ट्झ याने १७५२ मध्ये मिनिटाला सुमारे ८० ठोक्यांच्या निरोगी नाडीवरून लय ठरवण्याची रीत सांगितली. ती मला अधिक प्रामाणिक वाटते, कारण नाडी माणसागणिक बदलते. अर्थात या फ्यूगला तिचाही थेट उपयोग नाही.

मग उत्तर मुख्य सुरावटीतच शोधावे लागते. पहिल्या तीन स्वरांनंतर तिच्यात दोन-दोन स्वरांच्या जोड्या येतात, त्यांवर बाखने स्वतः जोडरेषा काढल्या आहेत, आणि एवढ्याशा सुरावटीत बाराही स्वर येऊन जातात. लय वाढवली की प्रत्येक अर्धस्वराची ओढ ऐकू येण्याआधीच पुढचा स्वर हजर होतो. फार ओढली की जोडी तुटते आणि नुसते सुटे स्वर उरतात. हार्पसिकॉर्ड या पियानोच्या आधीच्या, तारा छेडणाऱ्या वाद्यावर स्वर लवकर विरत असल्यामुळे ही तूट लगेच कळते. पियानो मात्र स्वर लांबवतो, जोडीतला दुसरा स्वर हळुवार वाजवू देतो, आणि वादकाला नको इतके संथ होण्याचा मोह घालतो. विलंबित ख्यालावर पोसलेल्या माझ्या कानांना तर तो जास्तच पडतो.

तूर्त मी ५० च्या आसपास थांबलो आहे. फ्यूगच्या आधी वाजणाऱ्या प्रेल्यूडवर, म्हणजे प्रास्ताविक रचनेवर, ‘आंदान्ते’ (चालत्या गतीने) असे लिहिले आहे आणि त्याचा खर्ज एकसारखा पावले टाकत जातो; फ्यूग त्याहून जडच वाटला पाहिजे. त्यामुळे प्रेल्यूडची चाल पक्की होईपर्यंत हा आकडा स्वरलिपीवर पेन्सिलीनेच लिहिलेला बरा.