कुठं चाललास बे?

"सर, 'आस्क्ड मी' आलं की 'वॉज' मागं का सरकतो?" सोलापूरच्या पूर्व भागात माझी इंग्रजीची शिकवणी आहे, आणि कुणी विचारलेला प्रश्न इंग्रजीत तिसऱ्याला सांगायची वेळ आली, म्हणजे 'इनडायरेक्ट स्पीच' आलं, की हा प्रश्न दर वर्षी येतोच. पोरांपेक्षा त्यांच्या आया जास्त विचारतात, कारण मार्क तिथंच जातात. तुम्हीही विचारलंत म्हणून लिहितो.

चुकणारं पोर ढ नसतं, हे आधी सांगतो. आमच्या गल्लीत चार भाषा नांदतात. मराठी घरात 'कुठं चाललास म्हणून विचारलं' म्हणतात. पद्मशाली घरातल्या तेलुगूत त्या 'म्हणून'च्या जागी 'अनि' येतं, कन्नड घरात 'अंत', आणि दखनी उर्दूवाले म्हणतात, 'कहां जारा बोलके पूछा'. चौघांची रीत एकच: समोरच्याचा प्रश्न आहे तसा उचलायचा आणि मागं एक शेपूट लावायचं. काळ तोच, शब्दांच्या जागाही त्याच.

इंग्रजी मात्र प्रश्नाचं प्रश्नपणच काढून घेते. 'व्हेअर आर यू गोइंग?' याचं होतं 'ही आस्क्ड मी व्हेअर आय वॉज गोइंग'. मूळ प्रश्नात 'आर' कर्त्याच्या आधी आला, कारण तेव्हा खरंच विचारायचं होतं. आता विचारत कुणीच नाही, विचारल्याचं सांगणं चाललंय. म्हणजे साधं विधान. कर्ता आधी, प्रश्नचिन्ह गायब. 'वॉज' आला तो 'आस्क्ड'मुळे. 'ही आस्क्स मी' असतं तर पुढं 'आय अ‍ॅम गोइंग'च राहिलं असतं.

'डू' आणि 'डिड' तर भाड्याने आणलेले, प्रश्न संपला की परत. 'व्हेअर डू यू लिव्ह?' याचं 'व्हेअर आय लिव्ह्ड'. 'डिड' असेल तर जाताना 'हॅड' ठेवून जातो. हो-नाहीच्या प्रश्नातल्या आपल्या 'का'चं काम 'इफ' किंवा 'व्हेदर' करतं. पोरं 'की'च्या सवयीनं 'आस्क्ड दॅट' लिहितात, ते चूक.

एकदा एका पोरानं अडवलं. "मी अजून तिथंच राहतो की सर, मग लिव्ह्ड कसं?" त्याचं बरोबर होतं. गोष्ट अजून खरी असेल तर इंग्रजीत 'लिव्ह'ही चालतं. मी मात्र त्याला पेपरात 'लिव्ह्ड'च लिही म्हटलं, आणि जरा ओशाळलो.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत परगावचा पाहुणा विचारतो, 'डू यू नो व्हेअर द टेम्पल इज?' इथं कुणाचं बोलणं सांगायचं नाही, तरी आतला प्रश्न दुसऱ्या प्रश्नाच्या पोटात गेला म्हणून 'इज' शेवटी. काळ हलला नाही, कारण 'नो' वर्तमानात आहे. एवढं समजावून होईपर्यंत माझ्या वर्गातलं पोर त्याला हात करून सांगून मोकळं होतं, "सरळ जावा."