तुम्ही विचारलंत म्हणून: त्या शांततेला मी देवाचं उत्तर समजले

तुम्ही विचारलंत म्हणून लिहायला बसले आहे. तुमच्या आधीही बऱ्याच जणांनी विचारलं. शब्द वेगवेगळे, पण प्रश्न एकच: बाळ सात महिन्यांचं असताना एका रात्रीत जे झालं, त्यात तुमचा देवावरचा विश्वास टिकला कसा? काही जण तर विचारता विचारता उत्तरही देऊन टाकतात, "तुमची श्रद्धा होती म्हणूनच वाचलं हो बाळ." आजवर मी नुसती मान हलवून विषय बदलत आले. खरं उत्तर द्यायचं तर त्या संध्याकाळी प्रार्थना करताना माझ्या हातून झालेली चूक सांगावी लागते, आणि ती सांगताना अजूनही माझा घसा दाटतो.

आठवडाभर आधी बाळाला सर्दी होऊन गेली होती. त्या दुपारी ते छान खेळत होतं आणि खेळता खेळता एकदम किंचाळलं. आईला भुकेचं रडणं कळतं, झोपेचं कळतं. हे त्यातलं नव्हतं. पाय पोटाशी ओढून घेतले, मुठी आवळल्या, चेहरा पांढराफटक पडला. उचलून खांद्यावर घेतलं, थोपटलं, दोन-तीन मिनिटांत थांबलं. नुसतं थांबलं नाही, माझ्याकडे बघून हसलंसुद्धा. वीसेक मिनिटांनी पुन्हा तेच. मग पुन्हा. मधल्या वेळात इतकं बरं दिसायचं की आपणच उगाच घाबरलो असं वाटावं. दोनदा प्यायलेलं दूध उलटून पडलं. "गॅस झाला असेल," मी नवऱ्याला म्हटलं. आईला फोनवरही तेच सांगितलं.

संध्याकाळी मी त्याला मांडीवर घेतलं आणि देवाचं नाव घ्यायला लागले. लहानपणापासूनची सवय आहे ती माझी, काही बिनसलं की ओठ आपोआप हलायला लागतात. त्या दिवशी मात्र अगदी आतून मागत होते: ह्याचं दुखणं थांबव, एवढंच कर. आणि थांबलं. कळा लांबल्या, मग रडणंच बंद झालं. बाळ मांडीवर मऊ होऊन पडून राहिलं. नवरा खोलीत आला तेव्हा मी त्याला ओठांवर बोट ठेवून खूण केली. माझे डोळे भरून आले होते. मनात म्हटलं, ऐकलंस रे बाबा माझं. पाऊण तास मी तशीच बसून होते, मांडी बधिर झाली तरी हलले नाही. झोपमोड होईल ना त्याची.

ती झोप नव्हती. ती ग्लानी होती.

हे माझ्या लक्षात आलं नाही, नवऱ्याच्या आलं. त्यानं बाळाला माझ्या मांडीवरून उचललं तशी मान एका बाजूला कलंडली. डोळे अर्धवट उघडे, पण बघत कुठेच नव्हते. मग उलटी झाली, आणि ती हिरवी होती. दुधाची नाही, लाळेची नाही, हिरवीगार. "हे झोपलेलं नाहीये," तो म्हणाला. आम्ही निघालो.

दवाखान्यात डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि उजवीकडे, बरगड्यांच्या खाली, त्यांची बोटं थबकली. तिथे एक लांबट गोळा लागत होता. "शी कशी झाली?" त्यांनी विचारलं. दुपारपासून झालीच नाही, असं मी सांगत होते तोवर सिस्टरनं लंगोट उघडला. आत लालसर, चिकट, जेलीसारखं काहीतरी होतं. त्यानंतर सगळं भराभर झालं. सलाइन लावायला शीर सापडत नव्हती. एका हातावर टोचलं, दुसऱ्या हातावर टोचलं, मग पायावर. चौथ्यांदा शीर मिळाली. ह्या चारही वेळा बाळ रडलं नाही. सुई आत जाताना त्यानं पापणीसुद्धा नीट हलवली नाही. संध्याकाळभर ज्या शांततेचे मी आभार मानत होते, ती काय होती हे मला तिथे, त्या पलंगाशी उभं असताना कळलं.

सोनोग्राफीत गोलात गोल दिसले, आडव्या कापलेल्या कांद्यासारखे. ह्याला इंटससेप्शन म्हणतात. सदरा काढताना बाही आतल्या आत ओढली जावी, तसं आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरतो. बहुतेक वेळा लहान आतड्याचं शेवटचं टोक मोठ्या आतड्यात. तिथल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, सूज येते, सूज आली की पकड आणखी घट्ट होते. वेळेवर सोडवलं नाही तर तेवढं आतडं मरतं. साधारण तीन महिने ते तीन वर्षं ह्या वयात हे होतं, जास्त करून पहिल्या वर्षात. नेमकं कारण बहुतेक बाळांमध्ये सापडत नाही. सर्दी किंवा जुलाब होऊन गेले असतील तर आतड्याच्या भिंतीतल्या छोट्या ग्रंथी सुजतात, आणि आतड्याच्या हालचालीबरोबर तो सुजलेला भाग पुढे ओढला जातो, असं मानतात. आतडं जोर लावतं तेव्हा कळ येते, जोर ओसरला की बाळ हसतं. आणि काही बाळं तर रडतच नाहीत, नुसती मलूल होऊन पडतात. हे मी एवढं सविस्तर लिहिते आहे, कारण वाचणाऱ्यांत कुणाच्या तरी मांडीवर बाळ असेल. तान्ह्या बाळाला हिरवी उलटी झाली तर सकाळची वाट बघू नका. थांबून थांबून किंचाळणारं बाळ अचानक मलूल पडलं, तर ते बरं झालं असं समजू नका.

डॉक्टरांनी सांगितलं, आधी हवेनं सोडवून बघू. गुदद्वारातून नळी घालून, मोजून-मापून हवेचा दाब द्यायचा आणि क्ष-किरणांच्या पडद्यावर बघत शिरलेलं आतडं मागे ढकलायचं. बहुतेक बाळांचं असं सुटतं, पोट उघडावं लागत नाही. पण क्वचित आतडं फाटू शकतं, म्हणून सर्जनना आधीच बोलावून ठेवलं होतं. कागदावर हे सगळं लिहिलेलं होतं. मी सही केली. कितीपासून रडतंय, उलट्या किती वाजता झाल्या, शेवटचं दूध कधी प्यायलं, हे डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मला काहीच सांगता येईना. नवऱ्यानं खिशातून फोन काढला आणि एकेक वेळ वाचून दाखवली. दुपारपासून तो लिहून ठेवत होता. तो काही देव मानणाऱ्यांतला नाही. पण त्या रात्री आम्हा दोघांमध्ये देवाच्या कामी तो आला असं मला मनापासून वाटतं, आणि हे मी त्याला सांगितलंही आहे.

आता तुमचा प्रश्न. दारापाशी पोहोचेपर्यंत माझ्या तोंडातून देवाचं नाव निघत नव्हतं. विश्वास गेला होता का? नाही. देव नाही असं एक क्षणही वाटलं नाही. मला देवाशी बोलायची लाज वाटत होती. ज्या नावानं मी पाऊण तास स्वतःची समजूत घातली, तेच नाव पुन्हा कुठल्या तोंडानं घ्यायचं? आणि भीतीही होती, की घेतलं तर पुन्हा काहीतरी चुकीचं ऐकू येईल.

सिस्टरनं हात पुढे केले. "द्या ताई."

बाळाच्या हाताला सलाइनसाठी पुठ्ठ्याची पट्टी बांधली होती, नाकात नळी होती. मी त्याला उचलून तिच्या हातात दिलं तेव्हा त्याची करंगळी माझ्या कुडत्याच्या बटणात अडकली. अडकली म्हणजे त्यानं धरलं नव्हतं, त्याच्यात तेवढं त्राण नव्हतं, नुसती अडकली. सिस्टरनं ती हलकेच सोडवली आणि दार बंद झालं. त्या बंद दारासमोर मला शब्द सापडले. संध्याकाळी मी थांबव म्हणत होते, कर म्हणत होते. आता म्हटलं, तू आत थांब त्याच्याजवळ, मला आत येऊ देत नाहीत. तेवढंच म्हटलं, पुन्हा पुन्हा. बरं कर असं म्हणायचं धाडस झालं नाही, आणि खरं सांगायचं तर तशी गरजही वाटली नाही. बरं करायचं काम ज्यांना येत होतं ते आत होते. त्याला ओळखीचं असं मात्र तिथे कुणी नव्हतं.

माझा विश्वास टिकला असं तुम्ही म्हणता, तर तो एवढाच टिकला. आणि मला तो पुरला.

पहिल्या खेपेला आतडं बरंच मागे सरकलं आणि लहान-मोठं आतडं जिथे जुळतं तिथे अडून राहिलं. थोडा वेळ थांबून दुसऱ्यांदा दाब दिला, तेव्हा हवा एकदम लहान आतड्यात शिरलेली पडद्यावर दिसली. म्हणजे वाट मोकळी झाली. डॉक्टर बाहेर येऊन हे सांगत होते तेव्हा नवरा भिंतीला टेकला आणि हळूहळू खालीच बसला.

बाहेरच्या बाकावर एक बाई होती. तिचं बाळ आत अतिदक्षता विभागात होतं, बारा दिवसांपासून. तिनं विचारलं, "सुटलं का हो?" मी मान हलवली. "देवाची कृपा" हे शब्द जिभेच्या टोकावर आले होते, तिच्यासमोर ते मला उच्चारता येईनात. माझ्यावर कृपा झाली म्हटलं तर तिच्यावर काय झालं म्हणायचं? तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "बरं झालं बाई, फार बरं झालं." तिच्या डोळ्यांत खरा आनंद होता. बारा दिवस स्वतःचं बाळ आत असताना दुसऱ्याचं सुटलं म्हणून एवढं सुखावणारं मन कुठून येतं, हे मी अजून शोधते आहे. श्रद्धेबद्दल कुणाला विचारायचंच असेल, तर तिला विचारायला हवं होतं.

म्हणून "तुमच्या श्रद्धेनं वाचलं" हे वाक्य मला सोसत नाही. पुढे मी ह्या आजाराबद्दल जमेल तेवढं वाचलं. ह्याच दुखण्यानं आजारी असलेल्या लहान मुलावर जोनाथन हचिन्सन ह्या इंग्रज सर्जननं यशस्वी शस्त्रक्रिया केली ती १८७१ साली. खालून पाण्याचा दाब देऊन आतडं सोडवण्याचे आपले अनुभव कोपनहेगनच्या हॅराल्ड हिर्शस्प्रुंगनं मांडले ते १८७६ साली. त्याच्या आधी अशी बाळं बहुधा दगावतच. त्या बाळांच्या आयांनी नाव घेतलं नसेल का? माझ्यापेक्षा जास्तच घेतलं असेल, त्यांच्या हातात दुसरं काय होतं? त्यांची श्रद्धा उणी पडली असं म्हणायची माझी छाती नाही, कुणाचीच नसावी. आता आभार मानायला बसले की मी ह्या सगळ्यांची आठवण काढते: ते दोघं डॉक्टर, चौथ्यांदा शीर शोधणारी सिस्टर, आणि ज्यांच्या वेळी हे काहीच नव्हतं त्या आया. देव ह्यात कुठे बसतो हे मला नीट मांडता येत नाही. बसतो, एवढं मात्र मला ठाऊक आहे.

प्रार्थना मी आजही करते. फक्त डोळे मिटून घेत नाही. बाळ आजारी असेल तर मुळीच नाही. नाव घेता घेता ताप बघते, श्वास बघते, हाक मारल्यावर नजर वळते का ते बघते. माझ्या आईला हे आवडत नाही, तिला ते मन एकाग्र नसल्याचं लक्षण वाटतं. मला ह्यापेक्षा एकाग्र होता येत नाही.

सुटलेलं आतडं पुन्हा शिरू शकतं, शंभरातल्या साधारण दहा बाळांमध्ये, आणि पुष्कळदा पहिल्या एक-दोन दिवसांतच. म्हणून रात्रभर देखरेखीखाली ठेवलं होतं. दूध अजून द्यायचं नव्हतं. पहाटे तीनच्या सुमाराला बाळ पुन्हा गाढ शांत झालं. खोलीत फक्त सलाइनच्या यंत्राचा बारीक आवाज. मला ती शांतता सहन होईना. सिस्टर म्हणाली, "झोपलंय ताई, बघा ना, श्वास किती छान चाललाय." मला दिसत होतं, आणि तरीही मी वाकून त्याच्या तळपायाला गुदगुल्या केल्या. त्यानं पाय झटकला. कपाळाला आठ्या घातल्या, डोळे उघडून थेट माझ्याकडे पाहिलं, ओठ थरथरले आणि त्यानं जो भोकाड पसरला तो पार टोकाच्या खोलीपर्यंत गेला असेल. हे भुकेचं रडणं होतं. मला ओळखता आलं. मी त्याला उचलायला गेले तर त्यानं तोंड वळवून माझा खांदाच चोखायला घेतला.

"उठवलंत ना शेवटी," सिस्टर म्हणाली, आणि दूध कधी द्यायचं ते विचारायला डॉक्टरांकडे गेली.