१३,४२,१७,७२८ बाइट आणि मावशीचे मोदक

मंगळवार, रात्रीचा दीड वाजलाय. झोप उडालीच आहे तर लिहून टाकतो.

रविवारी सकाळी मावशीचा फोन. "अरे माझी साइट गेली, क्रिटिकल एरर की काय येतंय, आणि गणपती चार दिवसांवर आलेत!" मावशीची रेसिपीची साइट मीच बनवून दिलेली, वर्डप्रेसवर (साइट बनवायचं तयार सॉफ्टवेअर), साधं शेअर्ड होस्टिंग, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट, त्यामुळे तिकडे काही खुट्ट झालं की फोन मलाच. आणि हा आठवडा म्हणजे तिचा सीझन, सगळ्यांना उकडीचे मोदक याच आठवड्यात आठवतात.

असं काही फुटलं की वर्डप्रेस अ‍ॅडमिनला मेल टाकतं, कुठल्या प्लगइनमध्ये (साइटला वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्राममध्ये) एरर आली ते नावासकट, २०१९ च्या ५.२ व्हर्जनपासून ही सोय आहे. पण तो मेल गेला मावशीच्या जुन्या आयडीवर, ज्याचा पासवर्ड काकांना माहीत आहे असं मावशी म्हणते आणि काका म्हणतात तिलाच विचार. मग फाइल मॅनेजरमधून कॉन्फिग फाइल उघडून डीबग लॉग (एररची नोंद ठेवणारी फाइल) चालू केला, पेज रिफ्रेश केलं आणि सापडली ओळ. अलाउड मेमरी साइज ऑफ १३४२१७७२८ बाइट्स एग्झॉस्टेड, ट्राइड टू अलोकेट २०४८०. म्हणजे पीएचपीची (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) डिफॉल्ट १२८ एमबी मेमरी संपली आणि अजून २० केबी मागितले तेव्हा साइट गेली. ओळीच्या शेवटी फाइलचं नाव होतं एसइओच्या, म्हणजे गूगलवर साइट वर यावी म्हणून टाकलेल्या प्लगइनचं.

लगेच तो प्लगइन बंद केला. साइट चालू! मावशी खूश, मी पण स्वतःवर खूश, दुपारी मस्त झोपलो. संध्याकाळी मावशीने एक नवीन रेसिपी टाकली आणि परत तेच, फक्त यावेळी लॉगमध्ये फाइल थीमची, म्हणजे साइटचं रूप ठरवणाऱ्या भागाची. थीमला तर कोणी हातसुद्धा लावला नव्हता.

तेव्हा कुठे ट्यूब पेटली. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती मी. त्या ओळीत जी फाइल येते ती फक्त त्या क्षणाला हात पसरणारी असते. पंगतीत शेवटच्या पानाशी भात संपला म्हणून त्याच माणसाने सगळा भात खाल्ला असं थोडंच असतं? एसइओवाला बंद केल्यावर चार-पाच एमबी सुटले, तेवढ्यावर साइट तगली इतकंच, आणि एक रेसिपी वाढली तशी परत काठावरून खाली.

होस्टिंगच्या सपोर्टवाल्याने चॅटवर सांगितलं, सर मेमरीचं लिमिट २५६ करा. केलं. सोमवारी दिवसभर ठीक चाललं आणि रात्री नऊला, म्हणजे नेमकं बायका मोदकांची तयारी बघतात त्या वेळेला, ५०३, म्हणजे सर्व्हरने हात वर केल्याची एरर. कारण ते लिमिट एका रिक्वेस्टचं, म्हणजे एकदा पान उघडण्याचं असतं हो, आणि अख्ख्या अकाउंटला मिळून आहे १ जीबी. एकेक पेज १३० एमबी खात असेल तर एका वेळी आठजणी आल्या तरी खेळ खलास. तरी सपोर्टवाल्याचं म्हणणं प्लॅन अपग्रेड करा.

मग शेवटी जे पहिल्या दिवशी करायला पाहिजे होतं ते केलं, क्वेरी मॉनिटर टाकलं, म्हणजे कोण किती मेमरी आणि डेटा खातंय ते दाखवणारा प्लगइन. मोदकाच्या पानाला पीक मेमरी १३१ एमबी, आणि एक क्वेरी (डेटाबेसकडे केलेली मागणी) अशी जी एकटी अकराशेच्या वर ओळी आणतेय. मालक कोण, तर 'हे पण करून बघा' असा डबा खाली दाखवणारा रिलेटेड पोस्टचा प्लगइन! एवढासा गरीब दिसणारा. कोड उघडला तर किती पोस्ट आणायच्या तिथे चक्क उणे १, म्हणजे असतील नसतील तेवढ्या सगळ्या. दर पेजलोडला मावशीच्या सगळ्या रेसिपी आणायच्या, एकेक शब्द सुटा करायचा आणि कुठले शब्द जुळतात ते मोजायचं. ज्याने लिहिला त्याने वीस पोस्टच्या डेमोवर टेस्ट केला असणार.

वर आपलं देवनागरी. यूटीएफ-८ मध्ये (कॉम्प्युटरची अक्षरं साठवायची पद्धत) इंग्रजी अक्षर १ बाइटमध्ये बसतं, आपलं प्रत्येक अक्षर ३ बाइट, आणि काना-मात्रा-अनुस्वार वेगळे मोजतात, त्यांचे पण तीन-तीन. 'खोबरं' म्हणजे १५ बाइट. तो शब्द सुटा करून अ‍ॅरेमध्ये (मेमरीतल्या यादीत) ठेवला की पीएचपीचा स्वतःचा सरंजाम धरून पन्नासच्या वर. आणि मावशी काय थोडक्यात लिहिते का, आधी आजीची आठवण, मग तांदूळ कुठला घ्यायचा, मग रेसिपी, नऊशे-नऊशे शब्द. गुणाकार करा म्हणजे १२८ एमबी कुठे गेली कळेल.

आत्ता प्लगइन बंद केला, पीक ४३ वर आलं, एसइओवाल्या संन्याशाला सन्मानाने परत बसवलं, लिमिट पण परत १२८. झालं म्हणून मावशीला मेसेज टाकला तर ती अजून जागीच.

"खालचा डबा कुठे गेला रे?"

म्हटलं अगं तोच चोर होता. तिला कळवलं की आता प्रत्येक रेसिपीखाली काय दाखवायचं ते हाताने निवडावं लागेल. मला वाटलं चिडेल. तर ती म्हणे बरं झालं, तो मेला उकडीच्या मोदकाखाली मटण रस्सा दाखवायचा, ऐन गणपतीत! (दोन्हीत खोबरं. शब्द जुळले ना.) आणि लगेच सात मिनिटांची व्हॉइस नोट आली, कशाखाली काय लावायचं त्याची यादी. मोदकाखाली निवगऱ्या, कारण उकड उरतेच.

सात मिनिटांतली तीन ऐकून झालीत.