४० सेकंद

"काही वाटलं तर हा दाबा, मी लगेच येते."

एमआरआयच्या टेबलावर आडव्या झालेल्या प्रत्येकाच्या मुठीत हवेचा रबरी बल्ब देताना मी हे म्हणते. १४ वर्षं म्हणतेय. गेल्या मे महिन्यातल्या एका मंगळवारी बल्ब दाबला गेला आणि मी लगेच गेले नाही.

पेशंट ६४ वर्षांचे काका. बडोद्यातल्या दांडिया बाजाराच्या मागे जुनं घर, सगळं आयुष्य मुलांना मल्लखांब शिकवण्यात गेलेलं. डाव्या हाताला तीन महिने मुंग्या येत होत्या म्हणून डॉक्टरांनी मानेचा एमआरआय सांगितला होता. फॉर्म मुलाने भरला, गुजरातीत. 'बंद जागेची भीती वाटते का?' यापुढे 'ना'. त्याने वडिलांना विचारलंच नसणार. नातेवाईक वेटिंगमध्ये बसून, मोबाइल कानाला लावून फॉर्म भरतात आणि पेसमेकर, ऑपरेशन, डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण, सगळ्यावर धडाधड 'ना' लिहीत सुटतात. धातूचे प्रश्न मी स्वतः पुन्हा विचारते, त्यात तडजोड नाही. भीतीचा प्रश्न त्या दिवशी विचारायचा राहिला. सकाळपासून सात पेशंट झाले होते, बाहेर पाच बसले होते, आणि अर्ध्या तासाचा पेशंट २० मिनिटांत का होत नाही, हे मॅनेजर सकाळीच येऊन विचारून गेले होते.

लोकांना वाटतं, माणूस बोगद्याला घाबरतो. बोगद्याच्या आधी पिंजरा असतो, तो कुणाला माहीत नसतो. मान तपासायची तर डोकं आणि मान कॉइलच्या साच्यात ठेवावी लागते. मग वरचा अर्धा भाग तोंडावरून खट् करून बसतो, नाकापासून चार बोटांवर. त्यानंतर बोगदा. आमचं मशीन जुनं, आतला व्यास ६० सेंटिमीटर. नवीन मशिनं ७० ची येतात. ते दहा सेंटिमीटर रुंद खांद्याच्या माणसाला काय असतात ते त्यालाच विचारावं. काकांचे खांदे दोन्हीकडून घासत होते. "फावशे ने, काका?" जमेल ना, असं मी विचारलं. मान हलवता येत नव्हती, त्यांनी अंगठा वर केला.

पहिले दोन सिक्वेन्स, म्हणजे स्कॅनचे टप्पे, सुरेख झाले. इतका स्थिर पेशंट क्वचित मिळतो. तिसरा होता स्टिर नावाचा, साधारण चार मिनिटांचा. त्यात ४० सेकंद उरले असताना बल्ब वाजला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. एमआरआयचं चित्र थोडं थोडं उमटत नाही. सगळी माहिती गोळा झाली की मगच त्यातून चित्रं तयार होतात. मध्येच थांबवलं तर अर्धं चित्र हाती लागत नाही, काहीच लागत नाही. तीन मिनिटं २० सेकंदांचं काम पाण्यात जाणार होतं. माझा हात स्टॉपवर जायच्या ऐवजी माइकवर गेला. "काका, बस चालीस सेकंड, हलशो नहीं."

कानात बोळे, त्यावर हेडफोन, आणि मशिनची ती ठोकाठोकी. माझं बोलणं त्यांना समजलं असेल असं मला आता वाटत नाही. त्यांच्या बाजूने पाहिलं तर त्यांनी बल्ब दाबला आणि कुणी आलं नाही.

बल्ब पुन्हा वाजला. पुन्हा. मग सलग वाजत राहिला आणि काचेतून मला त्यांचे पाय टेबलावर आपटताना दिसले. मी स्कॅन थांबवून आत पळाले. टेबल आपल्याच चालीने बाहेर येतं, ते घाईला येत नाही. तोवर आतून ओरडणं चालू होतं, आणि ते मराठीत होतं. "बाहेर काढ! बाहेर काढ मला!"

कॉइल उघडली. ते उठून बसले, घामाने निथळत, धाप लागलेली. छातीवर हात ठेवायला गेले तर हात वळेना. "हात गेला माझा. अटॅक आलाय."

तेवढ्यात आमचा नवा मुलगा ऑक्सिजनचा सिलिंडर ढकलत दारापर्यंत आला. मी इतक्या जोरात ओरडले की तो जागीच थिजला. आमचं १.५ टेस्लाचं चुंबक स्कॅन थांबला तरी थांबत नाही, रात्रंदिवस चालूच असतं. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या एका रुग्णालयात पेशंटबरोबर आलेला तरुण नातेवाईक सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला आणि सिलिंडरसकट मशिनवर खेचला गेला. जीव गेला त्याचा. आमच्याकडे नवीन माणसाला हे पहिल्या दिवशी सांगायला हवं, आणि त्याला कुणी सांगितलं नव्हतं. जे काही करायचं ते त्या खोलीच्या बाहेर. आम्ही काकांना लोखंड नसलेल्या स्ट्रेचरवरून तयारीच्या खोलीत आणलं.

ड्युटीवरचे डॉक्टर दारातूनच म्हणाले, "पॅनिक आहे, बसवा थोडा वेळ." निदान बरोबर होतं हे नंतर कळलं. तरी मला राग आला होता आणि अजून आहे. ६४ वर्षांचा माणूस, शुगर आहे, छातीत दडपण सांगतोय. अशा माणसाला दारातून पाहून पॅनिक म्हणायचं नसतं. घाम, धडधड, धाप, मुंग्या, आपण मरतोय ही खात्री, हे सगळं हृदयाच्या झटक्यातही असतं. मी ईसीजी लावायला घेतला तेव्हा ते आत आले. नाडी १२८, ऑक्सिजन ९९. ईसीजी ठीक होता, तरी ट्रोपोनिनला, म्हणजे हृदयाला इजा झाली आहे का ते पाहायला, रक्त पाठवलं, आणि हट्टानेच पाठवलं.

मुलगा एकीकडे चालूच होता. "बाबा, काय हे! मल्लखांबवाले तुम्ही, लहान मुलासारखं काय करताय?" त्याला मी पाणी आणायला खाली पाठवलं. पाणी खोलीत होतं. वॉर्डबॉय कुठूनतरी फरसाणाची कागदी पिशवी घेऊन आला, तोंडाला लावायला. ती मी परत दिली. पूर्वी करायचे तसं, पण खरोखर हृदयाचं किंवा फुप्फुसाचं काही असेल तर त्या पिशवीने माणूस जाऊ शकतो.

मी त्यांच्या समोर खालच्या स्टुलावर बसले. त्यांचे हात मांडीवर होते. बोटं सरळ ताठ, एकमेकांना चिकटलेली, अंगठा आत ओढलेला, राखुंडीची चिमूट धरावी तसे दोन्ही हात. तळव्यांवर जन्माचे घट्टे. त्या हातांकडे ते ज्या नजरेने बघत होते, ती मला अजून दिसते.

"काका, हात गेलेला नाही," मी मराठीत म्हटलं. "श्वास फार जोरात चाललाय, त्याने अंगातला कार्बन डायऑक्साइड कमी झालाय, म्हणून बोटं वळली आहेत. श्वास सावकाश झाला की अंगठा सुटेल. आपण अंगठ्याकडे बघू या."

'शांत व्हा' मी कधी म्हणत नाही. ते हातात असतं तर माणूस झाला नसता का शांत? पण काय होतंय आणि पुढे काय होणार, हे सांगितलेलं त्या अवस्थेतही कानात शिरतं. आकडे मोजून पाहिले, तर त्यांनी चिडून मान हलवली. मग मी मोजणं सोडलं आणि नुसता माझाच श्वास ऐकू येईल असा लांब सोडत राहिले. घेण्यापेक्षा सोडणं लांब, एवढंच. "हात धरू का?" विचारलं. त्यांनी मान डोलावली.

भिंतीवरच्या घड्याळात आठ मिनिटं गेली. आधी डावा अंगठा ढिला पडला. त्यांनी तो हलवून पाहिला, पुन्हा हलवला. "सुटला," म्हणाले. आणि मग, अगदी हळू, "मी दाबला होता."

"हो काका. मला कळलं होतं. मी थांबले, चुकलंच माझं."

"किती राहिलं होतं?"

"४० सेकंद."

"मग झालं का पुरं?"

नव्हतं झालं. शेवटी इतकी हालचाल झाली होती की तो सिक्वेन्स कशाच्या कामाचा नव्हता. हे त्यांना सांगताना मला त्यांच्याकडे बघवेना.

दोन्ही रिपोर्ट नॉर्मल आले. निघताना मी कागदावर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहून दिला. मुलगा म्हणाला, "त्यांना वेड नाही लागलेलं." काकांनी त्याच्या हातातून कागद घेतला आणि घडी करून खिशात ठेवला.

रजिस्टरमध्ये अशा वेळी लिहायचं ठरलेलं वाक्य आहे, 'पेशंटने सहकार्य केले नाही'. मॅनेजरनी तेच लिहायला सांगितलं. मी लिहिलं, '११.४२ बल्ब दाबला, टेक्निशियनने स्कॅन चालू ठेवला,' आणि खाली सही केली. त्यावर अजून कुणी काही विचारलेलं नाही. यापूर्वी मी किती जणांना 'थोडंच राहिलंय' म्हणून आत ठेवलं असेल, ते बाहेर येऊन काही बोलले नाहीत म्हणून मला कळलंही नसेल, हे मात्र रोज डोक्यात येतं.

नऊ दिवसांनी काका परत आले, या वेळी काकूंना घेऊन. ७० च्या मशिनवर करून घ्या, पत्ता देते, असं मी म्हटलं. "नको, इथेच," म्हणाले. मी दिवसातली शेवटची वेळ दिली. बोगद्यात जायच्या आधीच डोळ्यांवर रुमालाची घडी ठेवली. काकूंच्या बांगड्या, मंगळसूत्र उतरवून घेतलं, सगळे प्रश्न विचारले आणि त्यांना आत पायांशी खुर्चीवर बसवलं, त्यांचा हात काकांच्या घोट्यावर.

बल्ब दिला. मी कन्सोलशी जाऊन बसते तोच वाजला. मी आत गेले. "काही नाही, बघितलं," काका म्हणाले. परत बसले, परत वाजला. परत गेले. तिसऱ्यांदाही गेले.

मग स्कॅन सुरू केला. स्टिर लागला, दोन मिनिटं उरली होती, आणि बल्ब वाजला. मी स्टॉप दाबला आणि टेबल बाहेर घेतलं. रुमाल उचलला. काकांचा श्वास संथ होता, कपाळ कोरडं. ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले.

"चल," म्हणाले, "घे पुन्हा पहिल्यापासून."